कॉलरचा मळ

—आगो, पण नीळ एवढी नको ओतू! कपडे धुतेस का रंगवतेस? सरक जरा. आठ वरसं ह्याच दगडावर धुते मी, पुतळाबाईचं धुणं म्हंजे अख्ख्या चाळीत—जाऊ दे, आपल्या तोंडानं कशाला. तू ती अंबाडी गावची तुळजा ना, कोपऱ्यातल्या खोलीतली? मग ऐक बाय, हे भिवंडीचं धुणं हाय, गावासारखं न्हाय. पहिलं काय करायचं? पहिलं वेगळं करायचं. रंगीत लुगडं एकीकडं, पांढरं एकीकडं, आणि कापडाच्या लूमवर कामाला घालायचा शर्ट तर कुणाला शिवता कामा नये. का? त्याला कापूस चिकटलेला असतो. तो कोरडाच झटकायचा—पाण्यात गेला की सगळ्या लुगड्यांना लव फुटते. मग शर्ट उलटा करायचा, सोड्याच्या कोमट पाण्यात भिजत टाकायचा, आणि बडवायचं ते बटणं सोडून. माझ्या घरवाल्याचा हा शर्ट दुष्काळाच्या साली शिवलेला, एक बटण तुटलेलं न्हाय. एक पण न्हाय!

हां, घरवाला लूमवरच. रातची शिफ्ट. न्हाय, दिवसाची पण—बदलते गो शिफ्ट, तू कशाला मोजतेस? दिसत न्हाय म्हंजे? सकाळी भिंतीपलीकडनं त्याचं खाकरणं ऐकलंस ना? ऐकलंस ना? मग! तीनदा खाकरतो, चौथ्यांदा खाकरलं की माझा घसा—त्याचा घसा दुखतो. वर बघू नको! गॅलरीत बसलीय ना, ती धोंडूबाई, आपली घरमालकीण. एकट्या बाईला ती खोली देत न्हाय. तोंडानं कधी विचारत न्हाय हां, नुसती कपडे वाळवायच्या वलणीवर नजर ठेवते. वलणीवर बाप्याचा शर्ट म्हंजे घरात बाप्या. गेल्या साली चिंधूच्या बायकोच्या वलणीवर दोन दिवस शर्ट आला न्हाय—तिसऱ्या दिवशी तिची ट्रंक रस्त्यावर. आणि नुसता टांगून भागत न्हाय, सगळ्यांच्या देखत मळका शर्ट इथं आणायला लागतो. मी एकदा विसरले, कोराच आणला, तर पाणी नितळच्या नितळ! वरनं धोंडूबाई म्हणते, तुझा अनंता आज कामावर गेला न्हाय वाटतं? तवापासनं मी लूमच्या दारातनं कापूस वेचून—म्हंजे त्याला बजावते, कामावर जात जा म्हणून.

आण तुझ्या घरवाल्याचा तो मळका शर्ट इकडं, कॉलर कशी घासायची दाखवते. बाप्याचा खरा मळ कॉलरीत. बाकी शर्टावर नुसती धूळ, घाम सगळा कॉलरीत आणि बगलेत—थांब. हे काय? छातीवर मूठभर कापूस आणि कॉलर कोरी? बगला पण कोऱ्या? तुळजा, इकडं बघ माझ्याकडं. रडू नको. रडू नको म्हणते ना, धोंडूबाई बघतेय! हस. हस गो, मी कायतरी गंमत सांगितली असं हस. कधी गेला? होळीपासनं? आणि एवढे दिवस असा शर्ट आणतेस, आंधळ्यालासुद्धा कळेल!

हे बघ. कॉलरीला बोटभर गोडं तेल. त्याच्यावर चुलीतली राख. चोळायची न्हाय, दाबायची. मग तो शर्ट आपण अंगात घालायचा आणि भाकऱ्या भाजायला बसायचं, दार लावून. तेल-राख सगळं जमतं, पण घाम खोटा करता येत न्हाय, तो आपलाच घालायला लागतो. पहिल्या वरसाला शर्ट नाकाशी धरला की त्याचा वास यायचा. आता माझाच येतो.

काय? मला कसं ठाऊक? मला काय ठाऊक हाय! उचल ती बादली, नीघ आता, नळाला खोळंबलीत लोकं. आणि हे बघ—सकाळी तू पण खाकरायचं, ते माझं झाल्यावर.