मावशीनं वाचलेला कागद

हॅलो?... हां सिंधू, बोल... नाही गं, झोपले नव्हते. गच्चीवर कपडे वाळत टाकत होते.

... हो. आधीच्या दोन रिंगा पण ऐकल्या. परवाच्याही ऐकल्या होत्या.

... कशात आलंय? पेपरात?... फोटोसकट? माझा फोटो कोणी दिला त्यांना?... नको वाचू, सिंधू... नको ना... हो, ब्याण्णव. शंभरातले. स्पॅनिशच्या दुसऱ्या वर्षाचा, वाचनाचा पेपर होता... हो, वर्गात बाकी सगळी एकोणीस-वीस वर्षांची पोरं, आणि मी पंचावन्नची. ते पण छापलंय का?... छापलंय.

... कोण सत्कार करून राहिलंय? आपलं महिला मंडळ?... शनिवारी? नाही, मी येणार नाही... तब्येत एकदम ठीक आहे. पण मी नाही येणार, तू त्यांना सांगून दे.

... दराबा? तू केलास? माझ्यासाठी?... अगं तुझा खांदा दुखतो आणि तू दोन तास तूप-साखर फेटत बसलीस?

... नको, कोणाच्या हाती पाठवू नको. मला नाही खाता येणार.

सिंधू, थांब जरा. भाऊजी घरात आहेत का?... झोपाळ्यावर? तुझं बोलणं त्यांना ऐकू जातं का?... जाऊ दे, ऐकू गेलं तरी चालेल. त्यांनाही सांगायचंच आहे. पण पहिलं तू ऐक. आणि बस कुठेतरी.

... बस म्हटलं ना.

... नाही, मला काही झालेलं नाही. अनिकेतबद्दल आहे.

... नाही नाही, तो बरा आहे. त्याचं काही नाही. मतलब, त्याच्याबद्दलच आहे, पण नवीन काही नाही. जुनं आहे. डिसेंबरचं.

... तो दवाखान्याचा कागद. तो जहाजावरून मध्येच घरी आला होता, बॅगेत फाईल होती, त्यातला स्पॅनिशमधला कागद. भाऊजींनी माझ्याकडून वाचून घेतला तो.

... हो, तोच. सिंधू, तो मी चुकीचा वाचला.

... चुकीचा. गलत वाचला.

... अगं ऐक ना. थोडंफार नाही. सगळंच उलटं वाचलं. अनिकेत दारू प्यायलेला नव्हता.

... हॅलो?... आहेस ना?

... सांगते. सगळं सांगते. त्या कागदावर एक शब्द होता, इन्तोक्सिकादो. इंग्रजीत तसाच शब्द आहे, त्याचा अर्थ दारूच्या नशेत असलेला. मी तीस वर्षं इंग्रजी शिकवते, मला वाटलं यात काय बघायचं. एक सेकंदसुद्धा थांबले नाही मी. पण स्पॅनिशमध्ये त्याचा अर्थ तो नाही. विषबाधा झालेला, असा आहे. खाण्यातून होते ना, तशी.

... हो. अनिकेत तेच सांगत होता. खराब खाण्यात आलं, असं तो पहिल्या दिवसापासून म्हणत होता.

... माहीत आहे मला. तू विचारलं होतंस. चहाचा कप ठेवता ठेवता विचारलंस, वैजू, पक्कं ना? आणि मी हसले. आठवतंय. रोज आठवतं.

... आणि तो पण म्हणाला होता, मावशी, मोबाईलमध्ये टाकून बघ, दोन मिनिटांत कळेल. मी म्हटलं, मशीनचा काय भरोसा, मी आहे ना वाचायला. आणि वर काय म्हटलं त्याला... बेटा, कागद खोटं बोलत नाही. भाऊजींच्या समोर म्हटलं. त्याचं तोंड कसं झालं होतं ते तू नाही पाहिलंस, तू आत होतीस. मी पाहिलं. मला वाटलं पकडला गेला म्हणून गप झाला.

... मला कधी समजलं?

... परीक्षेत. त्याच पेपरात, ज्याचं तू आत्ता कौतुक करून राहिली होतीस. एक उतारा होता, कुठल्याशा गावातल्या लग्नाचा. जेवणानंतर सदतीस पाहुणे इन्तोक्सिकादोस. मला वाटलं, प्यायले असतील, लग्नच आहे. पुढं लिहिलं होतं, त्यात सात मुलं, सगळ्यात लहान चार वर्षांचं. मी तिथंच अडकले. चार वर्षांचं पोरगं दारू कसं पिईल? मग परत वरून वाचलं. उन्हात राहिलेलं काहीतरी वाढलं होतं त्यांनी. तेव्हा समजलं. कॅमेऱ्यासमोर बसून परीक्षा चालू होती, उठताही येईना. प्रश्नच होता त्याच्यावर, हे लोक आजारी का पडले. मी बरोबर उत्तर लिहिलं. त्या उताऱ्यात मला पैकीच्या पैकी आहेत.

... जूनमध्ये.

... हो, जूनच्या दहा तारखेला. सव्वा महिना झाला.

... काही नाही केलं. सव्वा महिना मी काहीच नाही केलं. दुसऱ्या दिवशी आमच्या टीचरला विचारलं. दीपाली म्हणून आहे, पुण्याची, माझ्या मुलीच्या वयाची. म्हटलं, एका ओळखीच्या माणसाच्या कागदातल्या दोन ओळी आहेत, बघशील का. माझं नाव नाही सांगितलं. ती म्हणाली, मॅडम, ही तर पहिल्या वर्षाची चूक, कोणी केली? मी म्हटलं, माहीत नाही.

... मग रोज ठरवायचे, आज सांगते. तुमच्या गल्लीच्या तोंडापर्यंत दोनदा आले. एकदा भाऊजी ओट्यावर दिसले आणि मी वळून गेले. तेव्हापासून कॉलेजला शनवाऱ्याकडून फिरून जाते. रिक्षावाला रोज विचारतो, इकडून का.

... बोल ना. शिव्या दे वाटल्यास.

... पूजा. हो.

... माहीत आहे, सिंधू. रावेरच्या त्या लोकांनी होकार दिला होता. भाऊजींनी स्वतः जाऊन सांगितलं त्यांना, मुलगा पितो, तुमच्या पोरीला फसवणार नाही. मे महिन्यात तिचं दुसरीकडे लग्न पण होऊन गेलं. ते मी भरून नाही देऊ शकत. कशानंच नाही. मी बसून किती वेळा विचार केला की त्या पोरीच्या घरी जाऊन काय सांगू, आणि आता सांगून तिचं काय भलं होणार आहे.

... नाही, अनिकेतला नाही सांगितलं अजून. त्याचा नंबर आहे माझ्याकडे. हिंमत नाही झाली.

... हो, मला माहीत आहे तू त्याच्याशी बोलतेस. भाऊजींनी त्याला घराबाहेर काढलं तेव्हापासून रविवारी देवळात जाते म्हणतेस आणि तिथून फोन लावतेस सुरतला. तूच सांगितलं होतंस मला, भाऊजींना कळू देऊ नको म्हणून. तेव्हा मी काय म्हटलं होतं, आठवतं? बापाचं पण बरोबर आहे, थोडा धाक पाहिजे. असं म्हटलं होतं मी.

... रडू नको गं. मतलब, रड. मी कोण तुला सांगणारी.

... काय खाल्लं होतं त्यानं?

... आहे ना लिहिलेलं. मारिस्कोस. मला तो शब्द येत नव्हता. मला वाटलं दारूचंच नाव असेल, तिकडची काही. मी कोश उघडून बघितलं नाही. आलं नाही ते गाळलं आणि मधलं जुळवून सांगितलं. मारिस्कोस म्हणजे शिंपल्यातले जीव, कोळंबी, खेकडे, असलं समुद्रातलं.

... हो, सिंधू. मांसाहारच. तुमच्या घरात अंडं येत नाही, माहीत आहे मला. पण जहाजावर सहा-सहा महिने राहायचा पोरगा, बंदरात उतरल्यावर सगळ्यांबरोबर खाल्लं असेल. ते मी लपवणार नाही, कागदात आहे ते सांगते. या वेळी गाळणार नाही काही.

... कोण? कोण आलं?

... भाऊजी?

... दे... दे त्यांच्याकडे.

... नमस्कार भाऊजी.

... हो. तुम्ही ऐकलं तेच.

... हो. खरं आहे.

... माझी. पूर्ण माझी गलती. अनिकेतची नाही, तुमचीही नाही. तुम्ही माझ्यावर भरोसा ठेवला.

... आता? फोनवर?... आहे, माझ्याकडे फोटो आहे त्या कागदाचा. सिंधूनं पाठवला होता. एक मिनिट, चष्मा घेते. फोन खाली ठेवते, कापू नका.

... हं. वाचते. एकेक ओळ वाचते. जिथं मला शब्द येत नाही तिथं येत नाही असं सांगीन.

वरती दवाखान्याचं नाव. मग, रुग्ण पुरुष, वय सव्वीस. पहाटे चार वाजता दाखल. सोबत जहाजावरचे दोघं. तक्रार... उलट्या, जुलाब, पोटात कळा, आठ तासांपासून. ताप एकोणचाळीस, ते सेल्सिअसमध्ये आहे, आपल्या हिशेबानं एकशे दोन. पुढचा एक शब्द मला येत नाही, पोटाच्या तपासणीबद्दल आहे इतकं कळतं... नाही, अंदाज नाही सांगणार. दीपालीला विचारून सांगीन.

... पुढं. खराब झालेले शिंपल्यातले जीव खाल्ल्यामुळे विषबाधा. इथं मी तेव्हा वाचलं होतं, वाईट अवस्थेत. ती अवस्था अनिकेतची नव्हती, त्या खाण्याची होती.

... हो, त्या ओळीत दारू हा शब्दच नाही.

... भाऊजी, पण त्याच्या खालच्या ओळीत आहे. तुम्हाला आठवत असेल, मी बोट ठेवून दाखवलं होतं. म्हटलं होतं, हे बघा, आल्कोओल, म्हणजे अल्कोहोल, इंग्रजीसारखाच शब्द. तुम्ही चष्मा लावून स्वतः बघितला होता.

... तीच ओळ. नियेगा कोन्सुमो दे आल्कोओल. तेव्हा मला फक्त शेवटचा शब्द दिसला. पहिला मी वाचलाच नाही. नियेगा म्हणजे... नाही म्हणतो. रुग्ण नाही म्हणतो. दारू घेतलेली नाही असं सांगतो.

... हो, अनिकेतनं सांगितलं असेल त्या डॉक्टरला. एकशे दोन तापात. आणि डॉक्टरनं ते लिहून घेतलं. त्याच्या पुढं रक्ताची तपासणी, दारूसाठी केलेली. निकाल, नाही.

... भाऊजी?

... हो. आपल्याला पण तो तेच सांगत होता.

... नाही, तुम्ही कशाला माफी... माझ्याकडे नका बोलू असं. मी ऐकू शकत नाही ते.

... हॅलो?... भाऊजी?

... सिंधू, तू आहेस का? ते कुठं गेले?

... पायऱ्या उतरून?... चपला घातल्या की नाही? बघ ना जाऊन... अच्छा. स्टेशनकडं? तिकिटाला?

... सुरतचं. आज?... उद्या सकाळची गाडी. मग तू पण जा, सिंधू, त्यांना एकटं नको जाऊ देऊ. बाप-लेक समोरासमोर आले तर दोघांपैकी एकानं तरी बोलायला पाहिजे.

... जाता जाता काय म्हणाले? परत सांग.

... माझं पण?

... तीन तिकिटं?

... नाही, मी टाळून नाही राहिली. मी येते. मला वाटलं होतं तुम्ही मला तोंड पण दाखवू नको म्हणाल.

... हो. माझ्याच तोंडून. त्याच्या समोर उभी राहून, आधी मी सांगीन, मग तुम्ही दोघं पुढं या. तो आता काम करतो त्या कारखान्यात जायचं असेल तर तिथं, ज्यांच्यासमोर म्हणेल त्यांच्यासमोर... आधी फोन करू का त्याला?... नको. ठीक आहे. भाऊजी म्हणतील तसं.

... कॉलेजला सुट्टी टाकते. मंडळाला तू नको सांगू, मीच फोन करते त्यांना. का येत नाही ते पण सांगीन. पेपरात जितक्या लोकांनी वाचलं तितक्यांना नाही सांगू शकत, पण मंडळाला सांगीन.

... हं.

... हं. समजलं.

... नाही, बरोबर आहे तुझं. तू गाडीत माझ्याशी बोलणार नाहीस. नको बोलू. सात तास आहेत, चालेल मला.

... चाळीस वर्षांच्या मैत्रीत पहिल्यांदाच, हो.

... किती दिवस, ते तू ठरव. मी विचारणार नाही.

... आपल्या लालबागला, स्टेशनच्या दारापाशी थांबते. साडेपाचला. भाऊजींना म्हण, मी आधीच येऊन उभी असेन.

... सिंधू, एक सांगू? तुझ्याशी बोलायला नाही, फक्त...

... हॅलो?

... हॅलो?