नारळ समुद्राला, झेरॉक्स घरात

जाधवकाकू, काळाचौकीहून आलेली मंडळी, आणि आपल्या मच्छीमार नगरातले सगळे. मंगळवारी सकाळी पावणेसात वाजता मी धक्क्यावर बर्फ फोडत होतो. तेव्हा फोन आला, जाधवकाका गेले. त्यानंतर मला नीट बोलता येत नाही. म्हणून लिहून आणलंय.

काका एका कॉलेजच्या ग्रंथालयात कायद्याची पुस्तकं बांधायचे. बांधता बांधता वाचायचे. निवृत्त झाल्यावर दर रविवारी बसने इथे यायचे आणि देशादेशांमधला कायदा सांगायचे. जाळी विणणाऱ्यांना. मासळी सुकवणाऱ्या बायकांना. पत्ते खेळणाऱ्यांनासुद्धा. आपण ऐकायचो का? आपण हसायचो.

नारळी पौर्णिमेला म्हणायचे, "नारळ समुद्राला द्या, पण कागदांची झेरॉक्स घरात ठेवा. चुकून हद्दीपलीकडे पकडले गेलात, तर आपल्या वकिलातीच्या माणसाला तुम्हाला भेटू द्यावंच लागतं. पण तुम्ही इथलेच, हे दाखवायला कागद पाहिजे."

माझा दादा म्हणाला, "काका, बोट सुटायच्या आधीच माझं श्राद्ध घालता काय?"

आई म्हणाली, "सणाच्या दिवशी अभद्र नका बोलू हो."

दादा सगळे मूळ कागद पिशवीत घालून उत्तरेकडच्या एका बोटीवर कामाला गेला. मी आदल्या दिवशी गुपचूप झेरॉक्स काढून ठेवली होती. मला सगळ्याचीच भीती वाटते, म्हणून.

दादा हद्दीपलीकडे पकडला गेला. बोटीसकट कागदही गेले. ती झेरॉक्स घेऊन काका आणि मी सरकारी कचेऱ्यांत खेपा घालत राहिलो. एकदा मी चिडलो. म्हटलं, "काका, तिकडच्या तुरुंगात कोण पाळतो तुमचा कायदा?"

काका म्हणाले, "मला तरी कुठे माहीत आहे रे? मी तो पुस्तकातच पाहिलाय. दादा सुटून आला की आधी माझ्याकडे आण. त्यालाच विचारू, कुणी भेटायला आलं होतं का."

काका मंगळवारी गेले. दादा शुक्रवारी घरी आला. तो मागे दाराशी उभा आहे.

मी त्याला पाणी दिलं आणि तेच विचारलं. तो म्हणाला, "खूप महिन्यांनी आपल्या वकिलातीतले एक साहेब आले. हातात माझी झेरॉक्स. फोटोकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं. म्हणाले, हा आपलाच."

काका, उशिरा आले. पण आले होते.

आता सगळे उभे राहू या. दोन मिनिटं, न बोलता. दादा, तू पुढे ये.