धुक्यातला समुद्र

(जपानमधल्या हिरुझेनच्या पठारावरचं याकिसोबाचं, म्हणजे तव्यावर परतलेल्या नूडल्सचं, छोटं दुकान. दुपार होत आली तरी बाहेर धुकं. तव्यापाशी मालकीण ताझुबाई. समोरच्या बाकावर मांडीवर हेल्मेट घेऊन यासुओकी आणि त्यांची बायको फुमिनो.)

यासुओकी : समुद्रच होता तो. लाटासुद्धा हलत होत्या.

फुमिनो : अहो, कोबीचं शेत होतं. त्यावर धुकं.

यासुओकी : इतकं शांत वाटलं मला...

फुमिनो : म्हणून भर रस्त्यात मोटरसायकल थांबवलीत आणि म्हणालात, उतर, बूट काढ.

ताझुबाई : अगं बाई! इथे कुठला समुद्र? आधी गरम गरम खा. नेहमीसारखंच ना, एकात लसूण जास्त?

यासुओकी : आणि कोंबडी जून हवी.

ताझुबाई : जून नसेल तर तो हिरुझेनचा याकिसोबा कसला? तुम्ही दात सांभाळा म्हणजे झालं.

यासुओकी : मिसोची आंबवलेली चटणी तव्यावर पडली बघ. त्यात किसलेलं सफरचंद. या वासावर मी डोळे झाकून इथवर येईन.

फुमिनो : आज दोनदा वळण चुकलात.

यासुओकी : धुकं होतं.

फुमिनो : गेल्या महिन्यात कुठे होतं? आपल्याच गल्लीत मला विचारलंत, आपण कुणाकडे आलोय?

यासुओकी : ताझुबाईंसमोर कशाला गं...

ताझुबाई : मी कोबी चिरतेय. मला काही ऐकू येत नाही.

यासुओकी : डॉक्टर म्हणाला, गाडी चालवू नका. तेवढं बरोबर आठवतं. म्हटलं, एकदा हिरुझेनला जाऊन येऊ, मग बघू.

फुमिनो : आणि मी जीव मुठीत धरून मागे बसले.

यासुओकी : मग आता काय, गाडी इथेच टाकून बसने जायचं?

फुमिनो : मी चालवते.

यासुओकी : तू? स्कूटरवरून भाजी आणणं वेगळं.

फुमिनो : गेल्याच्या गेल्या हिवाळ्यात मी फुलं रचायच्या क्लासला जात होते ना?

यासुओकी : हो. एक फूल घरी आणलं नाहीस. मला वाटलं, जमत नसेल.

फुमिनो : मोटरसायकल शिकायला जात होते. हा घ्या परवाना.

ताझुबाई : बघू, बघू! मोठ्या गाडीचा आहे की हो!

यासुओकी : तुम्हाला ऐकू येत नव्हतं ना?

ताझुबाई : दिसतं मला.

यासुओकी : पडलीस?

फुमिनो : सारखी.

यासुओकी : उचलली कुणी?

फुमिनो : मीच. आपली पडलेली गाडी आपण उचलल्याशिवाय पुढे शिकवतच नाहीत. गुडघे काळेनिळे.

यासुओकी : तरीच! गरम झऱ्यावर आंघोळीला चल म्हटलं की तुझं डोकं दुखायचं.

फुमिनो : परवाना मिळाला तरी पहिलं वर्षभर मागे कुणाला बसवता येत नाही, नियमच आहे. म्हणून बोलले नाही. ते वर्ष संपलं आता.

यासुओकी : म्हणजे तुला तेव्हापासूनच कळलं होतं.

फुमिनो : कळलं नव्हतं. भीती वाटत होती. मला तुमच्याबरोबर फिरायचं होतं, अजून पुष्कळ. खा, निवतंय.

ताझुबाई : धुकं विरळ झालं हो. गाई दिसायला लागल्या.

यासुओकी : किती सावकाश चरतायत... घे, किल्ली घे. दुसऱ्या गिअरला जरा हट्ट करते ती.

फुमिनो : माहीत आहे. इतकी वर्षं तुमच्या पाठीमागून तिचंच तर ऐकत आले.

यासुओकी : फुमिनो, मी कधी मागे बसलोच नाही गं. मागे बसून माणसाने करायचं काय?

फुमिनो : काही नाही. मला धरून बसा. वळण आलं की अंगाला आपोआप कळतं.