रोलरपलीकडचं स्टूल

(धुलाई कारखान्यातली कपडे बदलायची खोली. थोरली आणि धाकटी, सख्ख्या जावा.)

थोरली : आणि संपात मागच्या दाराने आत शिरलीस, तेव्हा नाही का दुखले पाय? चांगली टुणटुणीत चालत होतीस की. डोक्यावरून ओढणी घेतली म्हणजे मी ओळखणार नाही? अगं, त्या ओढणीचा काठ मी शिवलाय.

धाकटी : जाऊबाई, हळू बोला. बायका ऐकतायत.

थोरली : ऐकू देत. आम्ही गेटवर उन्हात वाळत होतो, तेव्हा याच बायकांनी विचारलं, तुमच्या इस्त्रीच्या रोलरवर कोण उभंय हो? काय सांगणार? माझीच जाऊ, माझाच एप्रन घालून?

धाकटी : माझा भिजला होता. तुमचा खुंटीवर दिसला...

थोरली : वा! म्हणजे दोष खुंटीचा.

धाकटी : तुमचे दीर म्हणाले, संपावर गेलीस तर घरात पाऊल टाकू नकोस.

थोरली : माझा दीर? झुरळाला घाबरून खाटेवर चढतो तो! तुलाच बरा भारी पडला.

धाकटी : झालं ते झालं. बसून काम करायला स्टूल, आजारपणात पगारी रजा, सगळं संघटनेने मिळवलं, ते सभासदांपुरतं. आम्हालाही लागू करायचं तर अध्यक्षांची सही लागते म्हणे. अध्यक्ष तुम्ही. डॉक्टरांनी पायाच्या शिरांचं ऑपरेशन सांगितलंय. रजेशिवाय केलं तर नोकरी जाईल. नाही केलं तर पाय.

थोरली : पेरलं आम्ही, राखलं आम्ही, आणि खळ्यावर सूप घेऊन तू हजर!

धाकटी : मग सभासद करून घ्या.

थोरली : पंगत उठल्यावर पान मांडायला सांगतेस?

धाकटी : पाया पडू का?

थोरली : नको. वाकलीस तर उठवणार कोण तुला?

मुकादम : (दारातून) अध्यक्षबाई, साहेब विचारतायत, संघटनेबाहेरच्या बायकांना रजा-स्टूल नाहीच द्यायचं ना? तेच बरं म्हणाले. तुमच्या संघटनेचा मान राहील.

थोरली : साहेबांना आमच्या मानाची काळजी? कधीपासून?

मुकादम : तसं नाही... मोठ्या दवाखान्याच्या चादरी येणारेत. ज्यांना रजा नाही, स्टूल नाही, त्यांच्याकडेच ते काम वळवायचं चाललंय. मी काही बोललो नाही हं.

थोरली : अस्सं. आम्हाला आधी स्टुलावर बसवायचं, मग घरी. आणा तो कागद.

मुकादम : नकाराचा?

थोरली : होकाराचा. सगळ्यांना लागू, पार झाडूवालीपर्यंत. आता वळवा म्हणावं काम, कुठे वळवता ते. आणि मुकादम, हिला पुन्हा माझ्या रोलरवर टाका. मी अलीकडून चादर सारीन, ही पलीकडे बसून धरील. संपाआधी उभ्याने धरायची तशी.

मुकादम : साहेब माझं डोकं खातील.

थोरली : (कागदावर सही करून देत) खाऊ देत, पोट नाही भरायचं त्यांचं. जा.

धाकटी : जाऊबाई... तुमचे उपकार...

थोरली : उपकार नाहीत ते. सही साहेबाच्या नाकावर टिच्चून केली. तुझ्यासाठी फक्त रोलर मागितला.

धाकटी : म्हणजे रोज तुमच्या समोर?

थोरली : अगदी समोर. मी सोडीन ती चादर धरायची. मान वर केलीस की मी दिसणार. खाली घातलीस की बुडाखालचं स्टूल. ते कुणी उन्हात उभं राहून आणलं, हे कुणी सांगायची गरज नाही.

धाकटी : असं किती दिवस?

थोरली : स्टूल मोडेपर्यंत. लोखंडी मागितलीत मी.