दरवाजात न मावणारा गणपती

२०२३च्या श्रावणात मी घरपट्टी भरायला पेणच्या नगरपालिकेत बसले होते. आमच्या लहानपणी इथले गणपती पाटावर मावत. माझ्यापुढे मूर्तींच्या कारखान्याचे पुंडलिक आणि त्यांची बायको सगुणा, टेबलापलीकडे बांधकाम परवानगीच्या मॅडम.

“दरवाजा उंच कशाला करायचाय?”

“मूर्ती बाहेर काढायचीय, मॅडम.”

“मग आत कशी नेलीत?”

“नेली नाय. आतच वाढली.”

“ह्यांनी वाढवली,” सगुणा म्हणाली. “दरवाजा मोजायचा राहिला.”

“तू गप गो.”

“मुकुट कापून बाहेर जोडा की,” मॅडम म्हणाल्या.

“डोळे लिहून झालेत, मॅडम,” सगुणा म्हणाली. “मीच लिहिले. डोळे उघडल्यावर देवाला करवत लावत नाय आम्ही. भिंत तोडू.”

“न्यायला कधी येणार?”

“रविवारी,” पुंडलिक म्हणाले. “रोह्याचं मंडळ हाय.”

“इथे महिना लागतो.”

“देव थांबेल. रोहेकर नाय थांबायचे.”

मॅडम हसत उठल्या. “चला, जागा दाखवा. भिंत धोक्याची नसेल तर आजच सही करते.”

“आणि दरवाजावर नव्या बोर्डाचीपण परवानगी द्या,” सगुणा म्हणाली. “पुंडलिक आणि सगुणा. आता नुसतं ह्यांचंच नाव हाय.”

“हे कधी ठरलं?” पुंडलिकांनी विचारलं.

“मूर्ती अडकली तेव्हा.”

भिंत फुटली आणि गणपती रविवारीच रोह्याला गेला. मॅडमची पुढे अलिबागला बदली झाली, पण घरचा गणपती त्या अजून इथूनच नेतात. बोर्डावर दोन्ही नावं आहेत. पुंडलिक आता मोठी मूर्ती करायला घेण्याआधी दरवाजा मोजतात. मग सगुणा मोजते.