उभयचर दालनाची पाटी

...नाही, पण तुम्हीच सांगा, यात माझं काय चुकलं? मी साधा पाट्या रंगवणारा माणूस! प्राणिसंग्रहालयात सहा वर्षं हंगामी आहे, 'काचेला हात लावू नये' आणि 'बाहेर जाण्याचा मार्ग', एवढंच माझं वाङ्मय. आणि परवा साहेब म्हणाले, बेडकांच्या दालनात मोठी पाटी हवी, 'उभयचर', खाली शब्दाचा अर्थ, उगम, सगळं. उद्या सकाळी दहाला पाहुणे येणार. पाटी जमली तर तुमचं कायम करायचं बघू. झालं! बायकोने माहेरी कळवूनसुद्धा टाकलं.

आता अर्थ विचारायचा कुणाला? तर बेडकांचं बघणाऱ्या बाईंना. त्या दिवसभर बेडकांशी बोलतात, त्यामुळे माणूस तावडीत सापडला की सोडत नाहीत. म्हणाल्या, उभय म्हणजे दोन्ही, चर म्हणजे हिंडणारा, संस्कृतातून आलेला शब्द, पाण्यातही हिंडतो आणि जमिनीवरही. ग्रीकांचा शब्द वेगळा, दोन्ही आयुष्यं जगणारा, कारण आधी कल्ले असतात, मग... अहो बाई, पाटी चार फुटांची आहे! वर बजावलं, पंखा लावायचा नाही, कातडी सुकते, ते कातडीतूनही श्वास घेतात. आणि तुमच्या रंगाचा थेंब लागला तर बेडूक गेलाच समजा.

मी साधा पाट्या रंगवणारा माणूस! ओळ सरळ यावी म्हणून आम्ही खडूची दोरी ताणतो आणि सोडतो, टप्पकन रेघ उमटते. खिळा नव्हता, म्हणून दोरीचं टोक बांधलं काचपेटीच्या झाकणाच्या कडीला. रेघ झकास आली हो... आणि झाकण दोन बोटं उघडलं, ते मला शब्द रंगवून झाल्यावर दिसलं. पेटी रिकामी. आतला हिरवा बेडूक त्याच्या जातीचा दालनात एकुलता एक, आणि घड्याळात पावणेदहा!

मी बादली बघितली, मोरी बघितली, झारीत हात घातला. बाई पांढऱ्याफटक. हळूच म्हणाल्या, "अहो, आत्ता काय रंगवलंत? नुसतं पाण्यात काय शोधताय?"

वळलो. बेडूक पाटीवर! ओल्या 'र'पासून दोन बोटांवर. बाई हात ओले करून पुढे सरकतायत, मी मनात म्हणतोय, बाबा रे, हवं तर माझी नोकरी घे पण रंगावर नको... आणि त्याने उडी मारली. थेट माझ्या मानेवर! भीतीने मी घामाने निथळत होतो, त्याला आवडलं असणार.

"हलू नका," बाई म्हणाल्या. आणि दार उघडलं. साहेब, मागे पाहुणे. पाटीचा खालचा भाग कोरा. पाहुण्यांनी विचारलं, अर्थ कुठाय? मग काय, मान न हलवता, डोळे न मिटता, मी सगळं सांगितलं, उभय, चर, संस्कृत, ग्रीक, कल्ले... मानेवर तो गार गोळा धडधडतोय, आणि पाहुणे टाळ्या वाजवतायत!

साहेब खूश. बाईंनी बेडकाला सुखरूप पेटीत ठेवलं, तेव्हा कुठे मी मान वळवली. संध्याकाळी हुकूम हातात आला: रोज सकाळी दालनात पाहुण्यांना माहिती द्यायची, दुपारनंतर पाट्या रंगवायच्या.

घरी बायको दारातच उभी. "झालात का कायम?"

म्हटलं, नाही गं. हंगामीच. फक्त आता दोन्हीकडे.