आली का लाइन?

(वर्षाली अकोल्याहून फोनवर. तिची आई माणिकबाई वलगावच्या वावरात, विहिरीपाशी.)

वर्षाली : मंग मोटरचा ऑटो बंद कावून ठेवला, ते सांग ना आई.

माणिकबाई : ठेवला म्हंजे ठेवला. मले त्याच्यातलं समजत नाही.

वर्षाली : समजाचं काय आहे त्याच्यात? लाइन आली का मोटर आपोआप सुरू होते, गेली का बंद. त्याच्यासाठीच तं तुया जावयानं बसवून देल्ला.

माणिकबाई : जावई चांगले आहेत बाप्पा, त्यायले मी काही म्हणत नाही. धंदा कसा आहे त्यायचा?

वर्षाली : कपड्याच्या लायनीत सध्या दम नाही. गोष्ट बदलवू नको तू.

माणिकबाई : अन् पोरगी घरामागच्या रेल्वेच्या लायनीवर तं नाही जात खेळाले?

वर्षाली : भिंत बांधली आता तिथं. आई, देवानंददादाचा फोन आल्ता मले. म्हणे, मावशीचा झेंडू माना टाकून राहिला. धुऱ्याकडच्या लायनी तं पुऱ्या सुकल्या. दसऱ्याले काय तोडशीन तू?

माणिकबाई : तुले केला फोन त्यानं? मले नाही केला.

वर्षाली : तुयाच्यानं होत नसन तं वावर मक्त्यानं देऊन टाक अन् चाल अकोल्याले.

माणिकबाई : तिथं काय करू? तुमी दोघं सकाळीच निघता, पोरगी शाळेत. नळाच्या लायनीत उभं राहून कोनाशी बोलाव म्हटलं, तं तुयाकडं नळ घरातच.

वर्षाली : बरं, नको येऊ. पन ऑटो सुरू कर. कावून हट्ट धरून बसली?

माणिकबाई : आयक. ऑटो नव्हता तवा देवानंद फोन करे. त्याचं वावर आपल्याले लागून, त्याले पहिले समजे. "मावशी, लाइन आली." मंग मी घरून निघो. त्याच फोनवर तो इचारे, जेवली का, गुडघा कसा आहे. लाइन गेली का पुन्हा फोन.

वर्षाली : मंग?

माणिकबाई : मंग तुमचा ऑटो आला. त्याले वाटलं, आता मावशीले सांगाची काय गरज. चुकलं नाही त्याचं. मोटर आपली चालू होते, आपली बंद होते. मले कोनी काही इचारत नाही. तुये बाबा गेल्यावर दिवसातून तेवढंच बोलनं होतं व माय. म्हनून बंद केला. म्हटलं, झेंडू सुकला का त्याले दिसन, करन मले फोन. त्यानं तुले केला.

वर्षाली : हे मले सांगाचं नाही का?

माणिकबाई : कसं सांगू? करमत नाही म्हटलं का तू म्हणतं, चाल अकोल्याले.

वर्षाली : नाही म्हणत आता. ऑटो सुरू कर. उद्यापासून मी करतो फोन.

माणिकबाई : अकोल्यात बसून तुले काय समजते, वलगावात लाइन आली का गेली?

वर्षाली : नाही समजत. म्हनूनच इचारीन.

माणिकबाई : थांब मंग... हं. केला सुरू.

वर्षाली : आली का लाइन?

माणिकबाई : नाही आली.

वर्षाली : आई, पाणी पडाचा आवाज येऊन राहिला मले.

माणिकबाई : येऊ दे. तू सांजी पुन्हा पूस.